दुसऱ्या ट्यूबचा स्टार्टर

अण्णा, तुमच्या नातीने टाकीला नवा दिवा आणून बसवला आणि तीन दिवस मला एकही मासा दिसला नाही. दिवा कसला, हातभर लांबीची चपटी पट्टी आहे नुसती, पण लावली की आपली बाहेरची खोली लग्नाच्या हॉलसारखी दिसायला लागते. पोरगी बंगळुरूहून चार दिवस आली होती, आईला काहीतरी छान द्यावं म्हणून हौसेने घेऊन आली, स्वतःच बसवला आणि गेली परत. तिला काय बोलणार? एंजल मासे सगळे मागच्या दगडाआड जाऊन बसले, काचेवर हिरवट थर धरायला लागला, आणि मी रोज सकाळी चहा घेऊन रिकाम्या पाण्यासमोर बसत होते. शेवटी काल स्टूल घेऊन चढले. गुडघे कुरकुरतात आता, पण चढले. दिव्याखाली दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे सरकवले, दिवा वीतभर वर गेला. मग ट्रेसिंग पेपरची दुहेरी घडी करून झाकणाच्या काचेवर चिकटवली. पाण्यावर थोडी तरंगती पानं सोडली. दिवसाचे दहा तास दिवा चालत होता, तो सहावर आणला. संध्याकाळी पहिला एंजल बाहेर आला, थोडा थांबला, मग बाकीचे आले. हे सगळं मला कोणी शिकवलं ते तुम्हाला सांगायला नको. पण काम करता करता वाटलं की आता एकदा बोलून टाकावं. तुमचं आणि माझं शेवटचं वर्ष ज्या भांडणात गेलं ते ह्याच उजेडावरून. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि माझ्या बाजूने ते अजून मिटलेलं नाही.

सुरुवातीपासून सांगते. तुम्हाला माहीत आहे सगळं, पण मी पोस्टाच्या खिडकीवर तीस वर्षं बसलेली बाई, अर्धवट भरलेला फॉर्म मला चालत नाही. मी सून म्हणून कोथरूडच्या ह्या दोन खोल्यांत आले तेव्हा सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. तुम्ही नुकतेच निवृत्त झालेले, सरकारी कचेरीतले ड्राफ्ट्समन, आयुष्यभर कालव्यांचे नकाशे काढलेले. तुमचे चिरंजीव पिंपरीच्या कारखान्यात पाळीवर. म्हणजे घरात दिवसाचे दोघंच, तुम्ही आणि मी, आणि मधे भिंतीला लावून ती तीन फुटी टाकी. तुम्ही मला अहोजाहो करायचात. मला धडकीच भरायची. माझ्या माहेरी, हडपसरच्या पलीकडे, वडील माणसांनी अहो म्हटलं म्हणजे काहीतरी बिनसलंय असं समजायचं.

पहिल्याच महिन्यात माझे आईवडील जेवायला येणार होते. मला वाटलं, टाकी जरा झगझगीत दिसू दे. तुमच्या पत्र्याच्या झाकणात चाळीसचा बल्ब मिणमिणायचा. मी तो काढला आणि स्वयंपाकघरातला शंभरचा लावला. मंडळी आली, माझ्या वडिलांनी कौतुकाने टाकीसमोर खुर्ची ओढली आणि पंधरा मिनिटं नुसती वाळू बघितली. ‘मासे कुठायत हो?’ त्यांनी विचारलं. तुम्ही पानात कोशिंबीर वाढून घेत होतात. मान वर न करता म्हणालात, ‘आहेत ना. सूनबाईंनी त्यांना भर दुपारी गच्चीवर उभं केलंय, म्हणून सावलीला गेलेत.’ माझ्या आईला हसू आवरेना. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

पाहुणे गेल्यावर आता बोलणी खावी लागणार म्हणून मी भांडी घासत राहिले, दोनदा घासली. तुम्ही हाक मारलीत. चाळीसचा बल्ब परत लावला होतात, पाण्यात बोट घालून बघत होतात, कारण शंभरच्या बल्बने वरचं पाणी चक्क कोमट झालं होतं. स्टूल माझ्याकडे सरकवलंत. ‘बसा. दहा मिनिटं बोलायचं नाही.’ मी बसले. मासे एकेक करून आले, काळ्या पट्ट्यांचे एंजल, आणि रंग असा भरून आला त्यांच्या अंगावर की मी बघतच राहिले. मगाशी फिके, घाबरून पांढरे पडलेले, तेच हे मासे. तुम्ही म्हणालात, ‘उजेड बघणाऱ्यासाठी लावायचा नसतो. आत राहणाऱ्याला किती सोसतो ते बघून लावायचा.’ आणि मग, अगदी सहज, ‘उद्यापासून टाकीचं तू बघ.’ अहोजाहो संपलं ते त्या संध्याकाळी. तुमच्या लक्षातही नसेल, माझ्या आहे.

मग तुम्ही मला शिकवलंत. असं कोणी शिकवलं नव्हतं मला, शाळेतसुद्धा नाही. दिवा जास्त झाला की मासा दिव्याकडे पाठ करतो, कल्ले भराभर हलतात, खायला वर यायचंच सोडून देतो, हे सगळं स्टुलावर बसून बघायचं. दिव्याकडे बघायचंच नाही, माशाकडे बघायचं. शेवाळ धरलं तर आधी काच घासायची नाही, आधी तास मोजायचे, दिवा किती वेळ जळतोय. मागच्या काचेला काळा कागद. पश्चिमेच्या खिडकीला पडदा, कारण दुपारचं ऊन तिरकं येऊन टाकीच्या एका कोपऱ्यात पडायचं. आणि ट्रेसिंग पेपर. कचेरीत टाकून दिलेले तुकडे तुम्ही घरी आणून गुंडाळून ठेवले होतेत, त्यांवर अजून अर्धवट कालवे होते. दिव्याखाली तो कागद लावला की उजेड मऊ व्हायचा आणि नीट बघितलं तर वाळूवर एखाद्या कालव्याची पुसट रेघ पडायची. चिरंजीव म्हणायचे, अण्णांनी घरात पण पाणी वळवलंय.

एकदा आपण दोघं बसने खडकवासल्याला गेलो. चाचांनी, म्हणजे नारायण पेठेतल्या तुमच्या मासेवाल्या चाचांनी सांगितलं होतं की धरणाच्या कडेला, जिथे पाणी हलत नाही तिथे, टिकलीएवढी पानं तरंगतात, ती टाकीत सोडली की आपसूक सावली पडते. तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरलेले आणि मी काठावर पोळ्यांचा डबा उघडून उभी. येताना डबा माझ्या मांडीवर. कंडक्टरने विचारलं काय आहे, तुम्ही म्हणालात, ‘सावली.’ तो बिचारा पुढे गेला. घरी येऊन ती पानं तीन पाण्यांतून धुतली, तरी बारक्या गोगलगायी आल्याच, आणि पुढचे सहा महिने आपण त्या वेचत होतो. पण काय दिवस होते ते. मला वाटतं मी माझ्या स्वतःच्या वडिलांशी सुद्धा इतकं बोलले नाही जितकं त्या टाकीसमोर तुमच्याशी बोलले.

आणि आपल्या घरातल्या चिठ्ठ्या. बाहेरच्या कोणाला सांगितल्या तर खोटं वाटेल. तुम्ही बोलण्यापेक्षा लिहायचात, ते सुद्धा नकाशावरच्या त्या सरळसोट अक्षरात, काळ्या शाईने. दुधाच्या पातेल्याशेजारी, ‘तापवले आहे. पुन्हा विचारू नये.’ बाथरूमच्या दारावर, ‘नळ बंद करण्यास एक सेकंद लागतो.’ टाकीवर, ‘काचेवर टिचक्या मारू नयेत. मासे ओळख दाखवणार नाहीत.’ सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. मग मी पण लिहायला लागले. तुमच्या चष्म्याच्या घरावर मी एकदा चिकटवलं होतं, ‘चष्मा कपाळावर आहे.’ तुम्ही ती चिठ्ठी फाडली नाहीत, पाकिटात ठेवलीत. मी पोस्टातल्या खात्याच्या परीक्षेत पास झाले तेव्हा तुम्ही टाकीच्या लाकडी चौकटीवर छोटी पाटी लावलीत, ‘टाकीचा कारभार: सूनबाई. तक्रारी लेखी द्याव्यात.’ त्या पाटीइतकं बक्षीस मला आयुष्यात कोणी दिलेलं नाही. आपल्यात वाद झाला की दोघंही तोंडाला कुलूप लावायचो आणि भिंती बोलायच्या. बरं चाललं होतं. वीस वर्षं बरं चाललं होतं.

आता त्या वर्षाचं. तोपर्यंत पत्र्याचं झाकण जाऊन ट्यूबचं आलं होतं, दोन फुटी एक ट्यूब, ट्रेसिंग पेपर लावून. एक दिवस मी पोस्टातून आले तर झाकणात दोन ट्यूब, कागद काढून टाकलेला, आणि तुम्ही स्टुलावर काचेला नाक लावून बसलेले. चाचांना बोलावून तुम्हीच बसवून घेतली होतीत. मी म्हटलं, अण्णा, हे काय? तर म्हणे, ‘मला आवडतं.’ मी आधी हसले. मला वाटलं गंमत करताय. आठवड्यात काचेवर शेवाळ आलं, बारक्या निऑन माशांतले दोन मेले, एंजल दिवसभर पंपामागे. मी समजावलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही ट्यूब चालू. मग मी तुमचंच वाक्य तुमच्या तोंडावर मारलं. ‘उजेड बघणाऱ्यासाठी लावायचा नसतो, कोण म्हणायचं?’ तुमचा चेहरा असा झाला की मी खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, ‘आपण आता मोठ्या तज्ज्ञ झालात.’ वीस वर्षांनी परत अहोजाहो. ते मला फार लागलं, अण्णा. म्हणून मीही इरेला पेटले.

मी चिठ्ठी लावली, ‘दुसरी ट्यूब लावू नये.’ तुम्ही लावलीत. मी लिहिलं, ‘मासे मरत आहेत.’ तुम्ही ती चिठ्ठी तिथेच राहू दिलीत आणि तिच्या शेजारचं बटण दाबलंत. मी लिहिलं, ‘टाकीचा कारभार कोणाकडे आहे?’ उत्तर नाही. त्या वर्षात तुम्ही एकही चिठ्ठी लिहिली नाहीत, दुधावर नाही, नळावर नाही, कुठेच नाही. मला वाटलं ही तुमची नवी तऱ्हा, उत्तरच द्यायचं नाही. पुणेरी माणसाने लिहायचं बंद केलं म्हणजे त्याने समोरच्याला मोजायचंच सोडलं, असं मी चिरंजीवांना तणतणत सांगितलं. ते म्हणाले, तुमचं तुम्ही बघा, मला पाळीला जायचंय.

मग मी दुसऱ्या ट्यूबचा स्टार्टर काढला. अंगठ्याएवढी ती पांढरी डबी, पाव फेरा दिला की निघते, आणि ती नसली की ट्यूब लागत नाही. मोहरीच्या डब्यात टाकून दिली. ट्रेसिंग पेपर परत लावला. तुम्ही बटण दाबलंत, एकच ट्यूब लागली. परत दाबलंत. मग झाकण उचलून पट्टीवरून हात फिरवलात, हळूहळू, आणि स्टार्टरच्या भोकाशी बोट थांबलं. मी स्वयंपाकघरातून बघतेय. आता हाक मारतील, आता ‘आपण’ म्हणतील, म्हणून मी तयारीत उभी. तुम्ही झाकण ठेवलंत आणि स्टुलावर बसलात. चाचांकडून दुसरा स्टार्टर मागवता आला असता, कुठल्याही दुकानात मिळतो तो. तुम्ही मागवला नाहीत. मासे आठवड्याभरात बाहेर आले, रंग आले, आणि मी पोस्टात सगळ्यांना सांगितलं की म्हातारा शेवटी नमला. असं म्हटलं मी. हाच शब्द. पुढचे चार महिने तुम्ही तसेच त्या अर्ध्या उजेडात संध्याकाळी बसायचात, आणि एका पहाटे झोपेतच गेलात.

दिवस झाल्यावर चाचा भेटायला आले. टाकीकडे बघून त्यांनी विचारलं, ‘दुसरी ट्यूब बंद का ताई?’ मी म्हटलं, मीच काढली, अण्णा ऐकत नव्हते. चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, ‘ताई, त्यांना काचबिंदू होता. दीड वर्ष. डॉक्टरकडे मीच घेऊन जायचो. उशिरा कळलं, जे गेलं ते परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. मी किती वेळा सांगितलं, घरी सांगा. तर म्हणायचे, सुनेला कळलं तर ती मला खुर्चीत बसवेल आणि रस्ता ओलांडू देणार नाही. जेवढं दिसतंय तेवढं बघून घेतो.’ आणि पुढे म्हणाले, ‘मासे तेवढे दिसावेत म्हणून ट्यूब लावून घेतली होती. दोन ट्यूब लावल्या की हलताना दिसतात म्हणायचे.’

अण्णा, मी तुमच्यासाठी चिठ्ठ्या लिहीत होते आणि तुम्हाला त्या दिसत नव्हत्या. तुम्ही लिहीत नव्हतात कारण रेघ सरळ येत नव्हती, आणि वाकडी रेघ काढायची तुमची तयारी नव्हती. दुसऱ्या कुठल्या घरात असं झालं असतं का? दुसऱ्या घरात सुनेने विचारलं असतं, काय हो, का हवाय एवढा उजेड? सासऱ्याने सांगितलं असतं. आपल्याकडे भिंतीवर लिहायचं आणि उत्तराची वाट बघायची. मी चाचांसमोर मोठ्याने रडले. चिरंजीव धावत आले, शेजारच्या काकू आल्या, सगळे म्हणायला लागले की तुला काय माहीत, तू माशांसाठीच केलंस, त्यांनी सांगायला नको का. तेव्हापासून मीही तेच म्हणते. पोरीला सांगितलं, बहिणीला सांगितलं. मला माहीत नव्हतं.

मला तुमची फार आठवण येते. काल तो कागद चिकटवताना तर इतकी आली की स्टुलावरच बसून राहिले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, घडी तिरकी आहे. आहेच तिरकी. हे मी मनीऑर्डरच्या जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूंवर लिहितेय, आणि पत्ता नसलेल्या टपालाचं काय होतं ते मला सांगायला नको, त्यामुळे पेटीत टाकायचा प्रश्नच नाही. कोणी वाचणार नाही म्हणूनच एवढं लिहिलं, आणि म्हणूनच उरलेलंही लिहिते.

स्टार्टर काढल्यावर महिन्याभराने एका दुपारी मी टाकी धुवायला काढली होती. मासे सगळे बाथरूममध्ये बादलीत. टाकीत नवं पाणी भरलं, एक ट्यूब लावली आणि फडकं पिळायला आत गेले. तुम्ही झोपून उठलात, भिंतीला हात लावत आलात आणि स्टुलावर बसलात. पाच-सात मिनिटं अगदी मन लावून बघितलंत. मग मला ऐकू येईल असं म्हणालात, ‘आज खूश दिसतायत हं. तुझंच बरोबर होतं, त्यांना एवढाच उजेड पुरतो.’

‘तू’ म्हणालात. कितीतरी महिन्यांनी ‘तू’ म्हणालात. बादली माझ्या पायाशी होती, सगळे एंजल तिच्यात गोल गोल फिरत होते. तुमच्यासमोर नुसतं पाणी होतं. मी म्हटलं, ‘हो अण्णा, खूश आहेत.’ तुम्ही पडायला आत गेल्यावर एकेक मासा ओंजळीने परत टाकीत सोडला, आवाज न करता. स्टार्टर परत लावला असता तर मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं, म्हणून नाही लावला, असं मी स्वतःला सांगते. ते थोडंसं खरं आहे. जास्त खरं हे की माझंच बरोबर होतं असं तुम्ही म्हणाला होतात, आणि मला ते परत द्यायचं नव्हतं. चाचांनी सांगितलं तेव्हा मी एवढी रडले, तर सगळ्यांना वाटलं मला धक्का बसला. धक्का नव्हता बसला, अण्णा.